आक्काच्या रानातली मर

आक्काचा फोन आला तेव्हा मी रोपवाटिकेत कोबीच्या ट्रेंना पाणी देत होते. दसरा नुकताच होऊन गेला होता आणि ऑक्टोबरचं ऊन शेडनेटमधूनही पाठीला लागत होतं. आक्का फोनवर एरवी ओरडून बोलायची. त्या दिवशी आवाज बारीक होता.

"अगं, टोमॅटो झोपलाय."

"कुठला?"

"सगळाच म्हणायचा. सकाळी बघितला तवा चार सऱ्या हुत्या, आता बघतो तर पार बांधापातुर आलंय. पान हिरवंगार हाय, डाग न्हाय, किडा न्हाय, आन् झाडं मान टाकून उभी हायत. येतीस काय जरा?"

आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी आक्का स्वतःबद्दल 'मी बघतो, मी जातो' असंच बोलायची. तिचं माहेर आमच्या गावातलं, म्हणून माझा नवरा तिला आक्का म्हणायचा, आणि लग्न होऊन आल्यापासून मीही. सासर ओढ्यापलीकडच्या गावात, पन्हाळ्याच्या पायथ्याला. तिचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा एमआयडीसीत कामाला होता. रान बघायच्या त्या दोघीच, आक्का आणि तिची सून.

मी शेतीच्या कॉलेजात शिकलेली. रोपवाटिका टाकायची कल्पना माझी, आणि नवऱ्याने माझ्या शब्दावर शेडनेट उभं केलं. पहिल्या वर्षी आमच्याकडून रोपं न्यायला कुणी तयार नव्हतं. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, नारळाच्या भुशात वाढवलेलं रोप लोकांना खोटं वाटायचं. आक्का आली, एक रोप उपटून मुळी बघितली, पांढऱ्या मुळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही जगणार." पहिले ट्रे तिने नेले. त्या वर्षीचा तिचा टोमॅटो बघून बाकीचे आले. त्यानंतर दरवर्षी टोमॅटोची पहिली खेप तिच्या रानात जायची. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडलं ते अनोळखी माणसाच्या बाबतीत घडलं असतं तर मी काय केलं असतं ते मला खरंच माहीत नाही.

मी गेले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तारेला बांधलेली टोमॅटोची झाडं कमरेच्या वर गेली होती. खालच्या घोसातली फळं लिंबापेक्षा मोठी होऊन पांढरट पडायला लागली होती, आठ-दहा दिवसांत तोडा सुरू झाला असता. आणि अर्धं रान उकडल्यासारखं लोंबत होतं. पानांचा रंग जसाच्या तसा, फक्त त्यांच्यातला जीव निघून गेलेला. आक्का बांधावर उकिडवी बसली होती. सून चार हात लांब, पदर तोंडाशी धरून उभी होती.

"हिला ईचार," आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली. "परवा मी नात्यातल्या बाराव्याला गेलतो. जाताना सांगितलं हुतं, पाणी ऊन कलल्यावर सोड. हिनं भर दुपारी बाराला सोडलं. तापल्या मुळीवर पाणी! झाडं उकडून काढली माझी."

"लाईट दुपारचीच हुती, आत्या," सून हळू आवाजात म्हणाली. ती सासूला आत्या म्हणायची. "संध्याकाळी लाईट न्हाय ह्या आठवड्यात. दोन दिवस पाणी न्हाय म्हणून सोडलं."

"तर मग फोन करायचा की मला!"

मी वाकून एक झाड उपटलं. खोडाला खालच्या बाजूने नखाने चिरलं. आत तपकिरी पट्टा दिसला. मला तेव्हाच शंका आली होती. पण शंका आली म्हणून बोलायचं नसतं असं मी स्वतःला सांगितलं आणि म्हणाले, "पाण्यानं असं होत नाही, आक्का. एखाद्या दिवसाच्या पाण्यानं तर नाहीच."

"मग कशानं झालं?"

"घरी नेऊन बघते."

ते झाड पिशवीत घालून मी घरी आणलं. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं, खोडाचा बोटभर तुकडा कापला आणि दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत सोडला. कॉलेजात ही परीक्षा आम्ही खेळ म्हणून करायचो. खोडात मर रोगाचे जिवाणू असले तर कापलेल्या तोंडातून दुधासारखी बारीक धार पाण्यात उतरते. नसले तर पाणी तसंच राहतं. मी ओट्याजवळ उभी राहिले. दोन मिनिटंही झाली नसतील. तुकड्याच्या खालून एक पांढरा धागा निघाला, डुलत डुलत तळाशी गेला. मग दुसरा निघाला.

या रोगाला औषध नाही. झाडाच्या आत पाणी वाहायच्या नळ्याच जिवाणूंनी तुंबतात, वरून काहीही फवारलं तरी आत पोचत नाही. आणि तो आकाशातून पडत नाही. मातीतून येतो, पाण्यातून येतो, नाहीतर रोपातून येतो. आक्का टोमॅटोचं रान दरवर्षी बदलायची, त्या तुकड्यात आधीची तीन वर्षं भात आणि भुईमूग होता. त्या मातीत कधी मर आलेली नव्हती. पाणी तिच्या स्वतःच्या विहिरीचं. मी ग्लासाकडे बघत हा हिशोब करत होते आणि तिसऱ्या शक्यतेपाशी येऊन थांबत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिद्रीकडच्या एका शेतकऱ्याचे मोबाइलवर फोटो आले. पाठोपाठ त्यांचा फोन. "ताई, कालपासनं झाडं मान टाकाय लागल्यात. कशाचं असंल?" त्यांचं रान आक्काच्या रानापासून कितीतरी कोस लांब. माती वेगळी, पाणी वेगळं. दोघांत सारखी गोष्ट एकच होती. रोपं आमची, आणि एकाच खेपेची.

त्या खेपेतले दोन ट्रे न खपलेले आमच्याकडे मागच्या कोपऱ्यात पडून होते. रोपं ट्रेमध्येच लांब, काटकुळी वाढलेली, पण दिसायला ठीक. मी कामाला येणाऱ्या पाच बायकांना दुसऱ्या टोकाला ढबू मिरचीच्या ट्रेंकडे पाठवलं. मग दहा रोपं कापली आणि दहा ग्लास मांडले. घरातले पाच होते, उरलेल्यांसाठी लोणच्याच्या बरण्या घेतल्या. चार ठिकाणी धार उतरली.

मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले. मला एक सकाळ आठवली. भर पावसात आमच्या विहिरीवरची मोटर जळाली होती. ओढ्या-नद्यांना पूर येऊन सगळ्या भागातल्या मोटरी बुडाल्या होत्या, त्यामुळे दुरुस्तीला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस आम्ही ओढ्यावर छोटं इंजिन लावून तेच पाणी रोपांना दिलं. पाणी गढूळ होतं, तुरटी फिरवून घ्यायचो, बास. एका सकाळी इंजिन पाणी ओढेना म्हणून मी पाइपाचं तोंड बघायला ओढ्यात उतरले. जाळीला वांग्याची उपटलेली झाडं अडकली होती. पानं सुकलेली, मुळ्या तपकिरी. वरच्या अंगाला कुणाच्या तरी रानातलं वांगं मेलं होतं आणि त्यानं ते उपटून ओढ्यात टाकलं होतं. वांगं काय, टोमॅटो काय, मिरची काय, हा रोग सगळ्यांना सारखाच लागतो. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. मी ती झाडं सोडवली, काठावर फेकली आणि इंजिन सुरू केलं. रोपांना पाणी द्यायला उशीर झाला होता, डोक्यात तेवढंच होतं.

नवरा टेम्पो लावून आत आला तेव्हा ग्लास तसेच मांडलेले होते. मी त्याला सगळं सांगितलं. तो एकेका ग्लासात वाकून बघत गेला.

"हे तुला आन् मलाच ठावं हाय ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग थांब जरा. लगेच कुणाला काय बोलू नको."

"अहो, त्यांना कळायला नको? ती झाडं उपटून जाळायला पाहिजेत. त्या रानातलं पाणी दुसरीकडं जाऊ देता कामा नये."

"त्ये सांग की. मर रोग हाय म्हणून सांग, उपटा म्हणून सांग. कुठनं आला त्ये कशाला सांगायचं? मातीतनं बी येतोच की. सगळा भाग दारात येऊन उभा राहील. ह्या पाच बायका कुठं जातील? तू कुठं जाशील?"

तो वाईट माणूस नाही. त्याने आवाजही चढवला नव्हता. आणि मला सगळ्यात भीती वाटते ती हे आठवून, की त्याचं बोलणं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. मी फक्त म्हणाले, "दोन दिवस बघू." मग ग्लास धुऊन ठेवले आणि उरलेले ट्रे खड्ड्यात पुरून टाकले.

मी आक्काला फोनवर सांगितलं, मर रोग आहे, औषध नाही, झाडं काढून टाक. ती ऐकून घेणारी नव्हती. कृषी केंद्राच्या दुकानदाराने दोन बाटल्या दिल्या होत्या, त्या तिने खोडाशी ओतल्या. तिसऱ्या दिवशी रानात उभं म्हणावं असं झाड उरलं नाही. मग तिने ठरवलं की निदान फळं तरी वाचवायची. झाडावर ठेवली तर सुरकुततील म्हणून हिरवी, पांढरी, जशी असतील तशी सगळी तोडायची आणि घरात भाताच्या पिंजरात, म्हणजे पेंढ्यात, पिकवायची. तिने बोलावलं म्हणून आम्हीही गेलो. आक्का, सून, मी आणि आमच्याकडच्या दोन बायका. दिवसभर आम्ही मेलेल्या झाडांवरून फळं तोडत होतो. एवढी क्रेट भरताना एरवी चार गोष्टी व्हायच्या, कुणीतरी ओव्या म्हणायचं.

जरा मोठी फळं निवडून नवऱ्याने ती टेम्पोतून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नेली. संध्याकाळी तसाच भरलेला टेम्पो घेऊन तो परत आला. दलालाने वरचं फळ दाबून बघितलं होतं आणि म्हणाला होता, "पावणं, ह्यात काय जीव न्हाय. आदी सांगितलं असतं तर फेरा तरी वाचला असता तुमचा."

ती क्रेटही आक्काच्या सोप्यात आली. सोपा म्हणजे घरात शिरल्यावरची पुढची लांब खोली. तिथं भिंतीपासून भिंतीपर्यंत पिंजर पसरून टोमॅटो लावलेला. चालायला एक पाऊलवाट फक्त. मग परतीचा पाऊस आला. दोन दिवस झड लागून राहिली, हवा कोंदट झाली, आणि फळं पिकायच्या ऐवजी सडायला लागली. देठाशी एक पाणचट डाग पडायचा, दुपारपर्यंत साल ढिली व्हायची आणि आतलं पाणी फुटून खालच्या चार फळांवर जायचं. मग ती चार. वास रस्त्यापर्यंत यायचा. आंबूस, आणि त्याखाली काहीतरी मेल्यासारखा.

मी रोज दुपारी जाऊन आक्काबरोबर निवडायला बसायचे. का जात होते? मदत म्हणून, असं मी घरी सांगत होते. खरं म्हणजे तिच्यापासून लांब राहायची मला हिंमत होत नव्हती. सडलेली घमेल्यात, डागाळलेली एका बाजूला, धड असलेली परत पिंजरात. काल धड म्हणून ठेवलेली आज घमेल्यात जायची. बोटांच्या चिरांत आंबट पाणी जाऊन हात चुरचुरायचे. आक्का निवडत राहायची आणि पुटपुटत राहायची.

"हिच्या बापानं हिला रान कधी दावलंच न्हाय. भाताच्या मुलखातली पोर, टोमॅटोचं काय कळणार? मीच चुकलो, हिच्या हातात दिऊन गेलो."

सून आत स्वयंपाकघरात असायची. मधे फक्त भिंत होती. तिची चार वर्षांची मुलगी सडके टोमॅटो घमेल्यातून उचलून पायाने फोडायची आणि तिला कुणी रागवायचंही नाही.

मी एकदा परत म्हणाले, "आक्का, पाण्यानं नाही झालं हे. तिचा दोष नाही."

आक्काने हातातलं फळ खाली ठेवलं. "तू शिकलेली हाईस. कशानं झालं त्ये सांग. माज्या मातीत कधी न्हाय आलं, ह्याच वर्साला कसं आलं? सांग की."

माझ्या तोंडात शब्द होता. अगदी दातांपर्यंत आला होता. मी म्हणाले, "ह्या वर्षी हवाच तशी आहे."

"हवा सगळ्यांस्नी सारखीच हाय," आक्का म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी आक्काकडे तिचा धाकटा दीर आणि जाऊ आले. सोप्यातली घाण बघून जावेने नाकाला पदर लावला आणि काय झालं म्हणून विचारलं. आक्काने सगळ्यांसमोर सांगितलं. पाणी, दुपार, सून. मोठ्याने सांगितलं, गल्लीत ऐकू जाईल असं. मी तिथंच होते, घमेलं मांडीशी घेऊन. सून चहाचे कप घेऊन बाहेर आली होती. तिने कप खाली ठेवले. आत गेली, पिशवी भरली, मुलीचा हात धरला आणि पाऊलवाटेने, टोमॅटोच्या मधून, बाहेर पडली. जाताना तिची नजर माझ्यावरून गेली. तिला काही माहीत नव्हतं. तिने मला मदतीला आलेली बाई म्हणूनच बघितलं असणार. पण ती नजर मला अजून झेपत नाही.

"जाऊ दे," आक्का म्हणाली. "एसटी मिळंना झाली की यील माघारी."

ती माघारी आली नाही. तिचं माहेर राधानगरीच्या बाजूला, जंगलाच्या कडेचं गाव. मुलगा दुसऱ्या दिवशी आणायला गेला, तोही एकटाच परत आला आणि आईशी बोलेनासा झाला.

मला जेवण जाईना. पाणी प्यायला ग्लास उचलला की तळाशी काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. मी स्टीलच्या भांड्याने पाणी प्यायला लागले. रोपवाटिकेत बायका काही विचारायला आल्या तर मी भलतंच उत्तर द्यायचे. नवरा बघत होता. एका सकाळी चहा पिताना तो आपण होऊन म्हणाला, "जा. काय बोलायचंय त्ये बोल. तुझं असं बघवंना झालंय. पुढचं पुढं बघू."

मी चालत गेले. आक्का घरामागच्या परड्यात खड्डा खणत होती, सोप्यातला उरलेला सगळा माल पुरायला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मोटर, ओढा, जाळीत अडकलेली वांगी, ग्लास, दहा रोपं. मधे थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

आक्काने कुदळ टेकवली. रागाने अंगावर येईल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने एकच विचारलं.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस." तिने मान हलवली. "म्हंजे माज्या सोप्यात बसून टोमॅटो निवडत हुतीस, तवा ठावं हुतं."

"हो."

"जावेम्होरं मी तिला बोललो, तवा बी."

आक्का पुन्हा खणायला लागली. मी दुसरी कुदळ उचलायला वाकले. "हात लावू नगंस," ती म्हणाली. "जा तू."

मग मी बाकीच्यांनाही सांगितलं. त्या खेपेतली रोपं कुणाकुणाकडे गेली ते आम्हाला पाठ होतं. नवरा आणि मी टेम्पो घेऊन जवळच्यांकडे गेलो, लांबच्यांना फोन केले. सगळ्यांच्या रानात रोग आलेला नव्हता. ज्यांच्याकडे आला होता त्यातले काही आधीच कारण शोधून मोकळे झाले होते. कुणी बियाण्याला दोष दिला होता, कुणी शेजाऱ्याला, कुणी नशिबाला. एकाने उपटलेल्या झाडांची ट्रॉली आणून आमच्या फाटकात ओतली. आम्ही ती दिवसभर जाळत होतो. बिद्रीकडचे ते शेतकरी फोनवर म्हणाले, "सांगितलंसा ह्ये बरं केलंसा ताई. पण लई उशीर केलासा. मी मधल्या दिसांत त्या रानातनं पाणी खालच्या मिरचीला सोडलं की वो." आठ दिवसांचा अर्थ त्यांनी मला एका वाक्यात दाखवला होता.

रोपवाटिका आम्ही त्या हंगामापुरती बंद केली. पाच बायका उसाच्या तोडीला आणि मिळेल त्या कामाला गेल्या. त्यातली एक जाताना म्हणाली, "वहिनी, आमास्नी आदी सांगितलं असतं तर आमी बी गप्प बसलो असतो." ती मला धीर द्यायला बोलली होती.

चार दिवसांनी सकाळी आक्का आमच्या दारात आली. धुतलेलं लुगडं, हातात पिशवी. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"चल. राधानगरीला जायाचं हाय. तिला तू सांग. माज्या तोंडचं ती आता ऐकणार न्हाय."

नवऱ्याने टेम्पो काढला. पुढच्या सीटवर आम्ही दोघी अंग चोरून बसलो. दीड-दोन तासांच्या रस्त्यात आक्काने तोंड खिडकीकडेच ठेवलं. धरणाच्या अलीकडे पाऊस लागला. भात कापणीला आलेलं, आणि वाऱ्याने ठिकठिकाणी आडवं पडलेलं.

सुनेच्या आईने पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं. सून समोर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं, आक्काला सांगितलं होतं तसंच. शेवटी म्हणाले, "तू पाणी सोडलं नसतंस तरी ती झाडं मेलीच असती. चूक माझी होती. आणि माहीत असून मी गप्प बसले, ती त्याहून मोठी चूक."

तिने ऐकून घेतलं. मला वाटलं ती रडेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मामी, तुमी रोज यायचा. मला वाटायचं, ह्या घरात एक माणूस तरी माज्या बाजूनं बसलंय." मग आक्काकडे वळली. "आत्या, रोपं ह्यांच्याकडनं रोगट आली, ह्ये मानलं. पण तुमचं बोलणं कुणाकडनं आलं हुतं?"

आक्का घोंगड्याकडे बघत होती. "माजंच हुतं," ती म्हणाली. "माजंच हुतं त्ये, पोरी. चल घरला."

"न्हाय येत," सून म्हणाली. आवाज चढवला नाही, की रडलीही नाही. "सात वर्सं त्या रानात हात घातला. एक दिवस चुकला म्हणल्यावर मी भाताच्या मुलखातली झाले."

नात आक्काला बघून धावत आली होती. आक्काने तिला पिशवीतली चिरमुऱ्याची पुडी दिली. मग आम्ही उठलो.

दिवाळीनंतर मुलाने कामाजवळ खोली घेतली आणि बायको-मुलीला तिकडे नेलं. सणासुदीला येतात. सून आक्काशी नीट बोलते, वाकून पाया पडते, रानात मात्र जात नाही. आक्का एवढ्या घरात एकटी राहते. माझ्याशी बोलणं तुटलं. बाजारात दिसली तर ती वळून दुसऱ्या गल्लीने जायची. मीही तिला तेवढं मोकळं सोडायचे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा थोडी रोपं टाकली. बोअर मारली, पाणी तपासून घेतलं, ट्रे औषधाच्या पाण्यात बुडवून घेतले. काही लोक परत आले, काही आले नाहीत. न आलेल्यांना मी बोलवायला गेले नाही.

लागणीच्या दिवसांत एका दुपारी आक्का फाटकाशी येऊन उभी राहिली. आता तिच्या हातात काठी होती. मी धावत गेले. ती आत आली नाही, ट्रेंकडे तिने बघितलंही नाही.

"एक ईचारायचं हुतं. त्या रानात मका टाकलाय. त्या रानाला परत टोमॅटो सोसायला किती वर्सं लागतील?"

खोटं सांगायचा मोह मला त्या क्षणीही झाला. "तीन-चार वर्षं तरी टोमॅटो, वांगं, मिरची काही नको, आक्का. त्यानंतरही खात्री देता येत नाही."

"तीन-चार," ती म्हणाली. साठी ओलांडून तिला बरीच वर्षं झाली होती. काठीवर दोन्ही हात ठेवून तिने रस्त्याकडे बघितलं. मी पाणी आणू का विचारलं, तिने मानेने नको म्हटलं.

"बरं. येतो मी," ती म्हणाली, आणि ऊन डोक्यावर असतानाच ओढ्याच्या वाटेला लागली.